पाच पानांवरची फवारणी

आमच्या घरी फडताळाच्या वरच्या कप्प्यात दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फवारणीच्या वह्या आहेत. दर हंगामाची एक. बहुतेक सगळ्या कृषी सेवा केंद्राकडून दिवाळीला मिळालेल्या डायऱ्या. पानांवर तारखा छापलेल्या असल्या तरी दादा दिवस मोजतात ते छाटणीपासून. 'छाटणीनंतर १२ वा दिवस, डोळे फुगले.' '३८ वा, फुलोरा, रात्री पाऊस, पहाटे टॅक्टर काढला.' ट्रॅक्टरला ते आयुष्यभर टॅक्टरच लिहीत आले. मध्येच एखाद्या पानावर मोरचुदाचा निळा डाग, कुठे अंगठ्याचा ठसा. नाशिक जिल्ह्यातल्या कादवा नदीच्या काठच्या आमच्या चार एकर द्राक्षबागेचा सगळा इतिहास त्या कप्प्यात आहे.

२००९ च्या वहीत मे महिन्यातली एक ओळ आहे: '५ पान. सीसीसी मारले.' या एका ओळीबद्दल मला लिहायचं आहे. शास्त्रज्ञ, उद्योग आणि सरकार यांनी एकत्र काम करावं, असं आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणते. पण त्या एकत्र येण्यात नेमकं काय असावं लागतं, ते मला या ओळीने शिकवलं.

द्राक्षाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरची छाटणी फळासाठी, एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी. लोकांना ऑक्टोबरची माहीत असते, कारण तिच्यानंतर घड दिसतात. पण घड ठरतो तो एप्रिलनंतर. कडक उन्हात नवी काडी वाढत असते आणि तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड घडत असतो, साध्या डोळ्यांना न दिसणारा. वेल नुसतीच शेंडा धरून पळाली, तर डोळ्यात घड न बनता बाळी, म्हणजे नुसता तणावा, बनते. म्हणून वाढीला आवर घालावा लागतो. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, त्यासाठीच वापरायचे. नव्या काडीला पाच पानं आली असताना एक हात मारला की पेरं आखूड पडायची, काडी गच्च व्हायची. आमच्या भागात मीठ-मिरचीइतकं ते रुळलेलं होतं. ते लपवून मारायची कुणाला गरज नव्हती. द्राक्ष तोडायला त्यानंतर आठ-नऊ महिने अवकाश असायचा, त्यामुळे त्याचा फळाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी तेव्हा नाशिकमध्ये एका खाजगी प्रयोगशाळेत होते. रसायनशास्त्रातली पदवी घेऊन लागलेली पहिली नोकरी. काम द्राक्षांतले कीडनाशकांचे अंश तपासायचं. आमच्याकडे ज्याला सगळे 'रेसिड्यू' म्हणतात, ते. युरोपात जाणाऱ्या मालासाठी ही तपासणी सक्तीची होती. २००३ च्या हंगामात युरोपातून तक्रारी आल्या आणि त्यानंतर अपेडा ही केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था, कृषी खातं आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून अंश तपासणीची योजना उभी केली. २००६ पासून ग्रेपनेट आलं. प्रत्येक बागेची नोंदणी, प्रत्येक प्लॉटला क्रमांक. युरोपातल्या दुकानातली पेटी निफाडच्या कुठल्या बागेतून आली, हे त्या क्रमांकावरून शोधता यायचं. हे काम खरोखर मोठं होतं. कृषी खात्याचे लोक बागेत जाऊन नोंदणी करत, प्रयोगशाळा नमुने घेत, निर्यातदार पॅकहाऊस सांभाळत, मांजरीचे शास्त्रज्ञ सगळ्या प्रयोगशाळांच्या कामावर नजर ठेवत. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

नमुना घ्यायला मीही कधीकधी जायची. पहाटे दव असताना घ्यायचा नाही. बागेच्या कडेच्या ओळी सोडायच्या, आडवंतिडवं चालत वेगवेगळ्या वेलींवरून घड तोडायचे, काही उन्हाकडचे, काही पानांआडचे. शेतकरी मागे मागे येतो. त्याला वाटतं ताईंनी चांगले घड न्यावेत, म्हणून बोटाने दाखवतो. त्याला हात लावू द्यायचा नाही. मग त्याच्यासमोर पिशवीला सील, त्याची सही, माझी सही. प्रयोगशाळेत गेल्यावर नाव जातं, राहतो नुसता कोड. म्हणजे त्या हंगामात दादांची द्राक्षं माझ्याच टेबलावरून गेली असतील तरी मला ते कळायचं कारण नव्हतं.

ती गेली होती, हे मला नंतर समजलं.

२०१० च्या हंगामाचा शेवट. घरून फोन आला, पण दादांचा नव्हता, आईचा होता. 'निर्यातदाराचा माणूस आला होता. माल तिकडं अडकलाय म्हणतात. तुझ्या दादांनी जेवण नाही केलं.' दुसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत सगळे उभ्याने बोलत होते. युरोपातल्या तपासणीत भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं होतं, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. ती मर्यादा होती एका किलोला ०.०५ मिलिग्रॅम. दादांना समजावताना मी हिशेब केला होता: वीस टन द्राक्षांत सगळं मिळून एक ग्रॅम. दादांनी तळहातावर चिमूटभर मीठ घेतलं आणि म्हणाले, 'एवढं?' मी म्हटलं, जवळपास तेवढंच.

आमच्या अहवालात तर सगळं स्वच्छ होतं. यादीतलं एकही औषध मर्यादेबाहेर नव्हतं. मग हे आलं कुठून?

उत्तर साधं होतं, पण ते पचवायला मला बरेच दिवस लागले. द्राक्षं वाटून त्यात आम्ही इथाइल अ‍ॅसिटेट घालायचो. बहुतेक कीडनाशकं त्यात उतरतात. वरचा थर काढून यंत्रात द्यायचा आणि एका फेरीत कितीतरी औषधांचा पत्ता लागायचा. उत्तम पद्धत होती ती, आजही आहे. पण क्लोरमेक्वाट हे क्षार आहे. त्याला पाणी प्रिय. ते वरच्या थरात येतच नाही, खाली गाळात आणि पाण्यात राहतं. त्यासाठी वेगळी पद्धत लागते, पाणी आणि मिथेनॉल वापरून केलेली. आणि तपासायच्या यादीत ते नव्हतंच, म्हणून वेगळी पद्धत कुणी लावली नव्हती. रोज संध्याकाळी आम्ही भांडी धुवायचो. वरचा थर जपून ठेवायचा, खालचा गाळ सिंकमध्ये. जे शोधायला हवं होतं, ते मी माझ्या हाताने नळाखाली धरत होते.

त्या आठवड्यात मी घरी गेले. दादा ओट्यावर बसले होते. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, 'दादा, सीसीसी मारलं होतं तर सांगायचं नाही का?' ते उठले, फडताळातून वही काढली, ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

'लिहिलंय की. तुम्ही विचारलंच नाही.'

त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. तुम्ही, म्हणजे मी, माझी प्रयोगशाळा, नोंदणीला आलेले साहेब, निर्यातदार, सगळेच. आमच्यातल्या प्रत्येकाने आपलं काम नीट केलं होतं. सरकारने यादी दिली, आम्ही यादीप्रमाणे तपासलं, निर्यातदाराने अहवाल पाहून माल भरला, दादांनी वर्षानुवर्षांच्या रिवाजाने बाग केली. साखळीतली कडी कुठेही तुटलेली नव्हती. फक्त ती सगळी वरून खाली लोंबत होती. यादी खाली यायची, सूचना खाली यायच्या, प्रमाणपत्रं खाली यायची. खालून वर जायचा तो नमुना, पिशवीत सीलबंद. माणसाला माहीत असलेलं वर जायची वाटच नव्हती.

आणखी एक गोष्ट नंतर वाचनात आली, आणि तिने मी जास्त अस्वस्थ झाले. युरोपातल्या नासपतीच्या बागांत हेच रसायन हेच दुखणं देऊन गेलं होतं, आमच्याआधी काही वर्षं. फवारणी बंद केल्यावरही झाडाच्या लाकडात साठलेला अंश पुढच्या हंगामांत फळात उतरत राहिला होता. म्हणजे जगात कुठेतरी हे ज्ञान होतं, आणि पाच पानांवर काय मारतात हे ज्ञान निफाडच्या प्रत्येक शेतकऱ्याकडे होतं. दोन्ही एका टेबलावर आली असती, तर कुणीही कान टवकारले असते.

त्या हंगामात कितीतरी घरांचं कंबरडं मोडलं. आमचे पैसे निम्म्याहून कमी आले, तेही दिवाळीनंतर. धाकट्या भावाचं पुण्याला शिकायला जाणं एक वर्ष लांबलं. यावर मी इतकंच लिहीन, कारण आमच्याहून वाईट दिवस पाहिलेली घरं मला माहीत आहेत.

पावसाळ्यात गावातल्या मंदिराच्या सभामंडपात बैठक झाली. एरवी अशा बैठकीत पुढे खुर्च्या, मागे सतरंजी. बोलायचं पुढच्यांनी, ऐकायचं मागच्यांनी. त्या दिवशी आलेले एक शास्त्रज्ञ खुर्ची सोडून सतरंजीवर येऊन बसले. त्यांनी भाषण केलं नाही. म्हणाले, 'छाटणीपासून तोडणीपर्यंत तुम्ही वेलीवर जे जे घालता, ते सगळं सांगा. दुकानदाराने बिनबिलाचं दिलेलं सांगा, शेजाऱ्याने सांगितलेलं सांगा, आजोबांपासून चालत आलेलं सांगा. मी कुणाचं नाव लिहिणार नाही.' बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दादांनी पिशवीतून वह्या काढल्या. चार वर्षांच्या. त्यांच्यामागे आणखी दोघे घरी जाऊन आपापल्या वह्या घेऊन आले. एका दुकानदाराने स्वतःहून विक्रीची वही आणायची तयारी दाखवली, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्याच्यासाठी ते सोपं नव्हतं.

दुपारची संध्याकाळ झाली. कृषी खात्याचे अधिकारी मांडीवर कागद घेऊन लिहीत होते. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि मनात मोजत होते, यातलं किती आमच्या यादीत आहे आणि किती नाही.

त्यानंतर क्लोरमेक्वाट तपासणीच्या यादीत आलं, त्याची स्वतंत्र पद्धत प्रयोगशाळांत बसली. बागांतून ते सुटत गेलं. त्याच्याशिवाय घड कसा धरायचा, याची उत्तरंही बरीचशी शेतात मिळाली: पाणी तोडणं, वेळेवर शेंडा मारणं, सबकेन (शेंडा मारल्यावर फुटणारी पोटकाडी) करणं, काड्यांची गर्दी कमी करून डोळ्यावर ऊन पडू देणं, पालाश (पोटॅश) वेळेत देणं. यातलं काही शास्त्रज्ञांनी सांगितलं, काही शेतकरी आधीपासून करत होते आणि शास्त्रज्ञांनी त्यामागचं कारण सांगितलं. कुणी कुणाला शिकवलं हे वेगळं काढता येत नाही, आणि मला ते फार आवडतं.

आपल्या द्राक्षाचा सगळा इतिहासच असा आहे. १९२५ मध्ये ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्षबाग लावली, तिथून नाशिकची गोष्ट सुरू झाल्याचं सांगतात. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६० चा, मांजरीचं संशोधन केंद्र १९९७ चं. म्हणजे बागाईतदार एकत्र आले ते केंद्राच्या कितीतरी आधी. तास-ए-गणेश हे वाण तासगाव भागातल्या शेतकऱ्याने थॉमसन सीडलेसच्या बागेतून निवडून काढलं. सोनाका दिलं ते सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी. हजार वेलींत एक वेगळी दिसली, तिच्याजवळ कुणीतरी थांबलं, काडी जपली. हे निरीक्षण म्हणजे विज्ञानच. त्याला शिक्का नंतर मिळाला.

बोर्डोचंही, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाचंही, तेच. नाशिकमध्ये बोर्डो न मारलेला द्राक्षवाला सापडायचा नाही. मोरचूद एका पिंपात विरघळवायचं, चुना दुसऱ्यात भिजवायचा, मग दोन्ही एकत्र. लहानपणी ते मिश्रण ढवळायला मला मिळायचं, आकाशाच्या रंगाचं, दाट. मग दादा त्यात विळ्याचं पातं बुडवायचे आणि थोड्या वेळाने उन्हात धरायचे. पात्यावर तांबूस झाक आली तर तांबं मोकळं आहे, पान करपेल, अजून चुना घाला. पातं जसंच्या तसं राहिलं तर चला, पंप भरा. पुढे कॉलेजात लोखंड आणि मोरचुदाच्या द्रावणाचा प्रयोग केला तेव्हा मी सरांना सांगितलं, हा प्रयोग आमच्या घरी दर आठवड्याला होतो. या बोर्डोचा जन्म फ्रान्सातला. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं वाटसरू तोडून नेत, म्हणून तिथले शेतकरी पानांवर मोरचूद-चुना शिंपडत. फळ विषारी दिसावं, एवढाच हेतू. १८८२ मध्ये मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिथून चालले होते. डावणी रोगाने बाकी बाग झडली होती आणि रस्त्याकडच्या ओळी हिरव्या होत्या. ते थांबले. बागवाल्याला विचारलं, काय शिंपडलंत? मग रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्यासोबत प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी कृती जाहीर केली. त्या विचारण्यावर आज जगातल्या बागा उभ्या आहेत. मिलार्दे न विचारता पुढे गेले असते तर?

अर्थात नुसतं विचारून भागत नाही, प्रत्येकाला नेमकं काय हवं ते समोर यावं लागतं, हेही आमच्याच जिल्ह्यात दिसतं. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' विकिरण केंद्र आहे. कांद्याच्या बाजारपेठेत, किरणांचा मारा करून कांद्याला मोड येऊ नयेत यासाठी. आणि २००७ मध्ये त्याच केंद्रातून आंबा अमेरिकेला गेला. बऱ्याच वर्षांची बंदी उठली होती ती या अटीवर की फळातली कोय-भुंगा नि फळमाशीसारखी कीड विकिरणाने निकामी करायची. अमेरिकी निरीक्षक, आपले अणुशास्त्रज्ञ, पणन मंडळ, निर्यातदार, सगळे लासलगावात. कोकणचा हापूस कांद्याच्या गावातून परदेशी गेला, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. ती जमली, कारण प्रत्येकाला नेमकं काय हवं हे समोर होतं. कांद्याचं मात्र तसं जमलेलं नाही. विकिरण मोड थांबवतं. सड थांबवत नाही, वजनातली घटही पूर्ण थांबवत नाही. माझ्या मामांची कांदा साठवायची चाळ आहे. ऑगस्टमध्ये ते खालचा थर हाताने चाचपतात, वास घेतात, आणि त्यांना सडीची जास्त भीती असते. त्यांच्या भीतीला उत्तर मिळालं की ते ट्रॉली भरून तिथे जातील. मला वाटतं, शास्त्रज्ञांनी चाळीपाशी आणखी बसायला हवं, आणि मामांसारख्यांनीही 'आमचं हे असंच चालायचं' म्हणून गप्प राहू नये.

उद्योगाकडूनही माझी एक अपेक्षा आहे. औषध वेलीत किती दिवस राहतं, कुठे साठतं, हे कंपन्यांना आधी कळतं, कारण विकण्यापूर्वी त्यांनी ते अभ्यासलेलं असतं. ती माहिती कागदाच्या गठ्ठ्यात न राहता संशोधन केंद्रात आणि प्रयोगशाळेत लवकर यावी. दुकानातल्या काऊंटरवर तर यायलाच हवी, कारण आमच्याकडे शेतकऱ्याचा पहिला सल्लागार दुकानदारच असतो. हे कुणाला आवडो न आवडो, खरं आहे.

मी आता नमुने घ्यायला जात नाही, प्रयोगशाळेतलं काम बघते. हाताखाली नवी मुलं आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना यंत्र दाखवत नाही, सिंक दाखवते आणि वरची गोष्ट सांगते.

या फेब्रुवारीत घरी होते तेव्हा नमुना घ्यायला एक मुलगा आला. आमच्या प्रयोगशाळेचा नव्हता. चटपटीत, मोटारसायकलवर, पाठीला थंड पेटी. ओळी सोडून आडवंतिडवं फिरला, पानांआडचे घड घेतले, दादांना हात लावू दिला नाही. मला बरं वाटलं. सील करून झाल्यावर त्याने फवारणीच्या नोंदीचा फॉर्म पुढे केला. दादांचं वय आता पंचाहत्तर. त्यांनी चष्मा लावला, वही उघडून शेजारी ठेवली आणि एकेक ओळ उतरवू लागले. शेवटी 'इतर' असा एक छोटा चौकोन होता. तिथे ते अडले. वहीत बघितलं, परत चौकोनाकडे बघितलं. यंदा धाकट्याने शेजाऱ्याचं बघून समुद्री शेवाळाचं काहीतरी वापरलं होतं, शिवाय गोमूत्राचा काढा, शिवाय बांधावरच्या टोमॅटोवर मारलेलं वाऱ्याने उडून आलेलं.

'एवढ्याशा जागेत मावायचं नाही रे,' ते म्हणाले. 'मागच्या बाजूला लिहू का?'

मुलगा हेल्मेट घालत होता. ते काढून परत ओट्यावर बसला. 'लिहा ना बाबा,' म्हणाला, 'मी थांबतो.'

आई आत चहा टाकायला गेली.